बाराव्या नावाचा दगड

कोण कुठे बसलं ते भागुबाईने आधी पाहून घेतलं. ही तिची जुनी खोड. सोयरिकीची बैठक असो की वाटणीची, माणसं एकदा बसली की निम्मा निकाल लागलेला असतो, पुढचं बोलणं तो निकाल मऊ करण्यापुरतं, असं तिचं मत होतं. ते चुकल्याचं तिला आठवत नव्हतं.

आज बैठकीला ओसरी नव्हती की घोंगडी नव्हती. टाकव्याच्या वेशीबाहेर अंबाजीने लढाईत गेलेल्यांच्या स्मारकासाठी माळ सोडला होता, तिथल्या अर्धवट भिंतींच्या आत सगळे मिळेल त्या धोंड्यावर टेकले होते. मार्गशीर्षाची दुपार. ऊन होतं, पण डोंगरावरून वारा थेट अंगावर येत होता आणि त्याला अडवण्याइतकी एकही भिंत अजून उठली नव्हती.

अंबाजी, तिचा थोरला भाऊ, सगळ्यांत मोठ्या धोंड्यावर. तो कुठेही गेला तरी सगळ्यांत मोठा धोंडा त्याला सापडायचाच. त्याचा धाकटा मुलगा सोपान थोडा बाजूला, एक पाय गावाच्या दिशेला, म्हणजे बोलणं अंगावर आलं तर गुरांना पाणी दाखवायचं निमित्त जवळ. रतन, थोरल्या निवृत्तीची बायको, जोत्याच्या कडेला एकटी. आणि कस्तुराबाई? भागुबाईने दोनदा पाहिलं. गेली सात वर्षं ही सासू सुनेला चिकटून बसत आली होती. निवृत्ती बासष्टच्या लढाईत बर्फात कुठे नाहीसा झाला तेव्हापासून दोघींचं एकच म्हणणं होतं: तो येईल. आज मात्र कस्तुराबाई नवऱ्याच्या शेजारी बसली होती. भागुबाईने मनातला एक खडा एका ढिगातून उचलून दुसऱ्या ढिगात टाकला.

“सगळे आलेत ना?” पुण्याच्या खांबेटे साहेबांनी विचारलं. त्यांनी नकाशाची गुंडाळी जमिनीवर पसरून चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवले. माजी सैनिकांच्या कमिटीने हा आर्किटेक्ट पाठवला होता. तिशीचा, कपाळावर टक्कल येऊ घातलेलं, बोलताना हाताने हवेत भिंती बांधणारा. “म्हणजे मग महिपती पाथरवटाला उद्या छिन्नी लावता येईल.”

साहेबांची इमारत गावाला अजून पचली नव्हती. आधी जमिनीत तीन पायऱ्या खाली उतरायचं, मग अंगण, अंगणाच्या टोकाला काळा दगड, आणि दगडामागे संग्रहालयाचं लांबट दालन. त्या दालनाला खिडकी नाही. फक्त छपराखाली हातभर फट, तिच्यातून उजेड वरून भिंतीवर सांडणार.

“पैलाच गवंडी बघितला, खिडकी नगं म्हननारा,” भागुबाई पहिल्या दिवशी म्हणाली होती.

“आजी, खिडकी असली की माणूस बाहेर बघतो,” साहेब म्हणाले होते. “इथे त्याने आत बघायचं आहे.”

“आन् दरवाजा बुटका कशापाय? माज्या भावाचं पागोटं पडंल.”

“म्हणूनच बुटका.”

तेव्हा भागुबाईला तो माणूस आवडला होता. अंबाजीला मान वाकवायला लावणारा दरवाजा गावात दुसरा कुणी बांधला नसता. मात्र आखाडात हे खोल अंगण तळं होईल हे तिने त्याला बजावलं होतं, आणि त्याने निमूटपणे काळ्या दगडाच्या पायथ्याशी एक पन्हळ वाढवली होती.

दालनाच्या भिंतीत कोनाडे होते, दर माणसामागे एक. चौदाच्या लढाईत गेलेल्या चौघांच्या घरून काय काय आलं होतं: पितळी बिल्ला, फुटकी शिट्टी, एक विलायती डबा. मधल्या मोठ्या लढाईतल्या पाचांची पत्रं, पट्टे, एकाचा चष्मा. पासष्टच्या दोघांच्या टोप्या. अकरा कोनाड्यांत काय ठेवायचं ते ठरलं होतं. बारावा बांधून ठेवला होता आणि त्यात सध्या गवंड्याची थापी पडलेली असायची.

आणि काळा दगड. लोणावळ्याच्या खाणीतून ट्रकने आणलेला, पुरुषभर लांब, एकसंध. तो ओंडक्यांवर आडवा निजवला होता. महिपती पाथरवटाने त्याच्यावर गेरूने अकरा ओळी आखल्या होत्या. बाराव्या ओळीला नुसत्या दोन रेघा.

“महिपती, तूच सांग यांना,” साहेब म्हणाले.

महिपतीने हात धोतराला पुसले. “आबा, त्याचं असं हाय. खोदीव अक्षर असतं तर कायबी अडचन नव्हती. आज अकरा खोदली, धा वर्सांनी बारावं खोदलं. पर सायबांना उठावाचं पायजे. भैरोबाच्या मागं जुनं वीरगळ हायती नव्हं, त्येच्यावानी. उठावाचं म्हंजी अक्षर ऱ्हातं आन् भवतालचा दगड जातो. बोटभर खाली उतरवायचा समदा. एकदा का ती बारावी ओळ खाली गेली, की तितं नाव उभं करायला दगडच ऱ्हानार न्हाई.”

“मग खोदीव करा की!” सोपान म्हणाला.

“खोदलेल्या अक्षरात पाणी साठतं, शेवाळ धरतं,” साहेब म्हणाले. “तुमच्या मावळातल्या पावसात वीस वर्षांत वाचता येणार नाही. ते वीरगळ बघा, पाचशे वर्षं उभे आहेत. हाताने चाचपलं तरी घोडा कळतो.”

“म्हंजी आज काय ते ठरवा,” अंबाजीने बोलणं आपल्या हातात घेतलं. “माजं ठरल्यालं हाय. सरकारचा कागद आला चौसष्टला. मृत समजन्यात येत हाय, असं लिवलंय. जमीन माजी, पोरगा माजा, आन् गावाच्या दगडावर दुसऱ्यांची नावं? लोक उद्या म्हनतील, अंबाजीचं पोरगं पळून गेलं आसंल, म्हनून नाव न्हाई.”

“कोन म्हनंल?” रतनने विचारलं. तिचा आवाज चढलेला नव्हता. “मामंजी, लोकांच्या तोंडाला भिऊन मानूस मारायचा का?”

अंबाजीला सुनेने असं तोंडावर बोलण्याची सवय नव्हती. तो बहिणीकडे वळला, नेहमीप्रमाणे. “भागे, ऐकलंस का?”

“ऐकलं. कान हायती अजून,” भागुबाई म्हणाली आणि तेवढ्यावर थांबली. मधल्या जागेवर बसून दोन्हीकडची भाकरी खायची, हे तिला या घरात सदतीस वर्षं जमलं होतं. एकोणिसाव्या वर्षी कपाळ पांढरं करून ती भावाकडे परत आली, तेव्हापासून तिने कुणाची बाजू घेतली नव्हती आणि कुणाची सोडलीही नव्हती.

सोपान खाकरला. “म्या काय म्हनतो, वैनीचं मन मोडून काय करायचं? ऱ्हाऊ द्या की एक ओळ कमी. दादा काय दगडानं मोठा व्हनार हाय?”

भागुबाईने त्याच्याकडे बारकाईने पाहिलं. सोपान भावजयीच्या बाजूने बोलला ही आजवरची पहिलीच वेळ. नदीकडचं खाचर निवृत्तीच्या वाट्याचं, आणि त्यात आवणीपासून झोडणीपर्यंत राबणारे हात रतनचे. तिचं कुंकू पुसलं गेलं तर घोरावाडीचा तिचा भाऊ तिला एक दिवसही सासरी राहू देणार नाही, हे सोपानला कळत होतं. त्याच्या मायेचं माप एवढंच होतं. तरीही त्याच्या बोलण्याने रतनचे खांदे जरा सैल झाले, आणि ते पाहून भागुबाईला उगीच कसंसं झालं.

महिपतीने गेरूचा खडा बोटांत फिरवला. “एक तोड हाय, बगा. बारावी ओळ खाली नेतच न्हाई म्या. पट्टी तशीच उठावाची ठेवतो, मोकळी. उद्या निवृत्तीमालक आलं, तर तासून सपाट करू. न्हाई आलं, तर त्यातनंच नाव काढू.”

खांबेटे साहेबांनी झटकन मान वर केली. ते दगडाशी गेले आणि गेरूच्या त्या दोन रेघांमध्ये तळहात टेकवून उभे राहिले. “हे फार चांगलं आहे. अकरा नावं, आणि मग एक कोरा उठाव. संध्याकाळी तिरपा उजेड पडला की त्याची सावली पडेल. महिपती, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं.”

क्षणभर सगळं मिटल्यासारखं वाटलं. अंबाजीनेही तोंड वाकडं केलं, पण नाही म्हटलं नाही. घोटभर चहा आला असता तर लोक उठलेच असते.

“मोकळ्या दगडाला पानी कसं घालू?”

कस्तुराबाई बोलत होती. पदर तोंडाशी धरलेला होता, त्यामुळे आवाज जाड येत होता. “सायेब, तुमाला सावली दिसती. मला सांगा, म्या काय करू? सर्वपित्रीला घराण्याच्या समद्यांची पानं निगत्यात. सासू, सासरा, लहानपनी गेलेल्या दोन पोरी. माज्या लेकाचं पान न्हाई. का, तर जित्या मानसाला पान वाडायचं नसतं. सात वर्सं! तो जित्ता न्हाई आन् मेल्यालाबी न्हाई. उपाशी फिरतोय कुटं तरी. मला रातच्याला दम लागतो आता. माज्यामागं त्याला कोन जेवाय घालनार हाय?”

“आई,” रतन म्हणाली, “तुमीच म्हनला हुतात, येईल म्हनून.”

“म्हनले हुते.”

“मागल्या दिवाळीला बी म्हनला.”

“म्हनले. आन् आता न्हाई म्हनवत, पोरी. माजा दम संपला.”

रतन उठली. भागुबाईने तिला इतकं ताठ उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. जोत्यावरून ती दगडाजवळ आली आणि सगळ्यांकडे वळली. “बरं. म्या ऐकते. नाव घाला. पर मला एक मानूस दावा. कागद न्हाई, मानूस. ज्यानं सोताच्या डोळ्यांनी त्यांना मेल्यालं बगितलं, असा एक. त्या दिशी म्या हातानं कुंकू पुसते. त्याबिगर माज्या नवऱ्याच्या नावाला छिन्नी लावाल, तर या दगडावर डोकं आपटीन.”

दगडाच्या पलीकडे इतका वेळ वाजत असलेली पहार थांबली.

तिथे सावळा होता. डोंगरावरच्या वाडीचा, महिपतीच्या हाताखाली धोंडे सरकवायला रोजाने आलेला. तोही बासष्टला पलटणीच्या खेचरांबरोबर गेला होता. पकडला गेला आणि पुढल्या उन्हाळ्यात परत आला, डाव्या हाताची दोन बोटं बर्फाला देऊन. आता पहार त्याच्या उरलेल्या बोटांत तशीच धरलेली होती आणि तो रतनकडे पाहत नव्हता. तो भागुबाईकडे पाहत होता. त्या नजरेत राग नव्हता, धमकी नव्हती. नुसतं आश्चर्य होतं, चांगल्या घरात काहीतरी भलतंच दिसल्यावर माणसाला वाटतं तसं.

भागुबाईने त्याच्यावरून नजर काढून घेतली.

त्रेसष्टचा आखाड. घरातली सगळी आवणीला गेली होती. पाय मुरगळला म्हणून ती एकटीच घरी, चुलीपाशी. इरलं पांघरून सावळा अंगणात उभा राहिला, ओटीवर चढेना. मावशी, म्हणाला, आबा न्हाईत का? मग तुमास्नीच सांगतो. आणि त्याने सगळं सांगितलं होतं, भिजत, उभ्या उभ्या. तिने त्याला गुळाचा चहा दिला. म्हणाली, मी सांगते घरात, तू पुन्यांदा हा विषय काढू नगं, घरच्यांना सोसायचं न्हाई. सावळा व्हय म्हणाला. मोठ्या घरातली गोष्ट मोठ्या घरच्या थोर बाईच्या कानावर घातली, त्याचं काम झालं. त्यानंतर रतनच्या कपाळावर त्याने सात पावसाळे कुंकू पाहिलं असेल, आणि मोठ्या घरची रीत वेगळी असेल असं समजून मान खाली घातली असेल. विचारायचं तरी त्याने कुणाला?

त्या संध्याकाळी रतन आवणीहून आली ती गुडघाभर चिखलात, सोपानच्या बायकोच्या पाठीवर थाप मारून हसत. बावीस वर्षांची. भागुबाईने ठरवलं, आज नको. मग आवणी उरकू दे म्हणाली. मग पोळा होऊ दे. मग दसरा. पुढे सांगायचं राहिलं म्हणून सांगता येईना.

ही दया होती, असं तिने स्वतःला इतकी वर्षं सांगितलं होतं. पांढरं कपाळ काय असतं ते मला ठाऊक, दुसरीला कशाला. पण माणसं तोलायची सवय एकदा लागली की स्वतःलाही पारड्यात बसावं लागतं, आणि आता तिला चुकवता येईना. रतनचं माहेर पाट लावणारं. विधवा झाली असती तर वर्षभरात तिच्या भावाने तिचा पाट लावला असता. चौसष्टला नवलाख उंबरे गावच्या एका बिजवराचं विचारणं आलंही होतं, चांगला माणूस, कारखान्यातला नव्हे, जमीनवाला. नवरा जित्ता असताना म्या कशी जाऊ, म्हणत रतननेच ते परतवलं. ती गेली असती तर चूल, जातं, शेण, पाणी, पुन्हा भागुबाईच्या हातात आलं असतं, आणि घरात बिनकुंकवाची एकटी तीच उरली असती. दया होती. पण दयेच्या खाली हे होतं, आणि हेच वजनदार होतं.

सावळा अजून पाहत होता. तिने नुसती मान हलवली असती तरी त्याने पहार उचलली असती आणि धोंडा सरकवायला लागला असता. कोरी पट्टी राहिली असती. साहेबांना सावली, सोपानला खाचर, रतनला आशा. सगळ्यांना थोडं थोडं. अशी वाटणी तिने आयुष्यभर केली होती.

रतनने पदर सावरला, तेव्हा तिच्या कानामागे भागुबाईला दोन पांढरे केस दिसले.

“सावळा,” भागुबाई म्हणाली. “हिकडं ये. मला सांगितलंस ते सांग.”

“मावशी, म्या तवाच सांगितलंय की,” सावळा गोंधळून म्हणाला. “घरात समद्यांना म्हाईत हाय नव्हं?”

अंबाजीचं तोंड उघडं राहिलं. कस्तुराबाईच्या हातून पदर सुटला.

“कुनालाच म्हाईत न्हाई,” भागुबाई म्हणाली. “म्या सांगितलं न्हाई. तू सांग.”

सावळाने पहार हळूच खाली ठेवली. तो रतनकडे वळला, पण डोळे दगडावर ठेवून बोलला. “निवृत्तीभाऊ आमच्या खेचरांसंगं माघारी निगाले हुते. मांडीला गोळी. दोन रोज खेचरावर बसवून आनलं. तिसऱ्या पहाटं म्हनाले, बूट सैल कर सावळा, पाय सुजलं. म्या नाडी सोडली. दुसरा बूट काडस्तवर गेल्ते. जमीन खनता येईना, बर्फ हुता. म्या आन् एक सातारकडचा, दोगांनी दगडं रचली वर. पुरती रचली. मग आमाला धरलं.”

“काय बोलले?” रतनने विचारलं.

“बुटाचं बोलले. दुसरं न्हाई काय.”

ती मान डोलवत राहिली, जणू एवढंच हवं होतं.

“भागे!” अंबाजी ओरडला. उठायला गेला तर गुडघा धरला आणि पुन्हा बसला. “माजं खाऊन, माज्या घरात...” कस्तुराबाई त्याच्याकडे न पाहता उठली, धोंड्यांवरून अडखळत सुनेपाशी गेली आणि तिचं मनगट धरून उभी राहिली. दोघी पुन्हा एका बाजूला झाल्या होत्या. यावेळी भागुबाईने खडा हलवला नाही. हलवायला तिच्या हातात काही नव्हतं.

“आत्या,” रतन म्हणाली. “सावळाभाऊंनी तुमाला कंदी सांगितलं?”

“त्रेसष्टच्या आखाडात.”

“तुमचं कपाळ गेलं तवा तुमी केवड्या हुता?”

“एकुनीस.”

“म्या बावीसची हुते.” रतनच्या तोंडावर राग आला असता तर भागुबाईने तो अंगावर घेतला असता, त्याची तिला तयारी होती. “आता अठ्ठावीस झाली मला.”

मग ती सासूबरोबर तीन पायऱ्या चढून वर गेली. सोपान निमित्ताशिवायच त्यांच्या मागून निघाला. खांबेटे साहेबांनी नकाशावरचे खडे एकेक करून काढले आणि गुंडाळी केली. अंबाजीला आधार देऊन ते त्याला रस्त्याकडे घेऊन गेले. जाताना म्हाताऱ्याने बहिणीकडे पाहिलं नाही.

खोल अंगणात महिपती, सावळा आणि भागुबाई उरली. दगडावर ऊन तिरपं झालं होतं. महिपतीने सूत धरलं, बाराव्या ओळीत गेरूने अक्षरं मांडली, बापाच्या नावासकट. मग छिन्नी हातात घेऊन इकडेतिकडे पाहिलं. विचारायला घरचं दुसरं कुणी नव्हतं.

“भागुमावशी, लावू का मग?”

तिला वाटलं, कुणाला तरी हाक मारावी. वरच्या वाटेवर कुणीच दिसत नव्हतं.

“लाव,” ती म्हणाली.

पहिल्या घावाला कपची उडाली ती तिच्या पायाशी आली. ती उठली नाही. अंधार पडून महिपतीला अक्षर दिसेनासं होईपर्यंत ती तिथेच बसून होती, कारण घरी गेल्यावर कुठे बसायचं ते तिला माहीत नव्हतं.